जावयाची साक्ष

भट्टीकाका त्या रविवारी उपासनेत उभे राहिले ते पायाला मुंग्या आल्या म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. पण मुंग्यांना जाब विचारता येत नाही, म्हणून पुढचा सगळा जाब काकांनाच द्यावा लागला.

त्यांची ख्रिस्ती मंडळी लहान. चर्च म्हणजे एक लांबुळकी खोली, उंच खिडक्या, आणि बसणाऱ्याच्या पाठीशी जुनं वैर असल्यासारखी बाकं. बाप्तिस्मा मागणाऱ्याने आधी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, म्हणजे आपण कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं ते सांगायचं, ही रीत तर सगळीकडेच असते. इथली खास रीत त्याच्या पुढची. साक्ष संपली की पाळक डोळे मिटून गप्प उभे राहायचे, आणि ज्याला त्या माणसाचा भरवसा वाटेल त्याने आपल्या जागी उठून उभं राहायचं. जो उभा राहिला तो त्याचा जामीन. मग जामिनाने त्याच्यावर लक्ष ठेवायचं, आणि बाप्तिस्म्याच्या आधीच्या रविवारी पाळक एकच प्रश्न विचारणार, ‘याचा पश्चात्ताप खरा आहे, असं तुम्ही देवासमोर म्हणता का?’ उत्तर होय किंवा नाही. ‘नाही’ म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, कारण कोण उभं राहणार ते आधीच चहा पिता पिता ठरलेलं असायचं.

त्या रविवारी मात्र काहीच ठरलं नव्हतं. कारण साक्ष देत होता जावई.

जावई हे काही त्याचं नाव नव्हे. त्याची सासू या चर्चमध्ये आयुष्यभर पेटी वाजवायची. ती गेली, पण तिच्या लेकीचा नवरा तेव्हापासून सगळ्या मंडळीचा जावई होऊन बसला. गडी देखणा. रुंद खांदे, स्वच्छ नखं, आणि आवाज असा की ‘मीठ संपलंय’ म्हणाला तरी ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा. त्या लेकीने, सगळे तिला ताई म्हणायचे, या जावयाला कधीच घराबाहेर काढलं होतं. का काढलं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ असं सांगितलं गेलं, डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, आणि विषय मिटला. तो दुसऱ्या गावी निघून गेला. आता परत आला तो बगलेत बायबल घेऊन.

साक्ष जोरदार झाली. ‘मी महापापी आहे,’ तो म्हणाला, ‘माझ्याएवढा अधम माणूस या छपराखाली नाही.’ डोळ्यांतून धार लागली. बायकांनी रुमाल काढले. पाळकांनी डोळे मिटले. कुणी हलेना. खिडकीवर माशी आपटत होती, तेवढाच आवाज. आणि नेमक्या त्या वेळी भट्टीकाकांचा डावा पाय, जो उपदेशाच्या मध्यावरच झोपला होता, तो जागा झाला. पाय जागा होताना माणसाला बसवत नाही. काका बाकाला धरून उठले.

‘प्रभूची स्तुती असो!’ पाळक म्हणाले.

काकांनी तोंड उघडलं. सगळी मंडळी त्यांच्याकडे वळली होती. जावई त्यांच्याकडे बघत होता, गालांवर पाणी, ओठांवर हसू. इथे ‘अहो, माझा पाय...’ असं म्हणायला जी छाती लागते ती काकांकडे नव्हती. ते जन्माचे भिडस्त. भिडेपोटी त्यांनी दुसऱ्याच्या मापाचे बूट विकत घेतले होते आणि झिजेपर्यंत वापरलेही होते. त्यांनी तोंड मिटलं, आणि उभेच राहिले.

घरी आल्यावर काकूंनी पर्स खुंटीला अडकवली आणि विचारलं, ‘काय दिसलं हो तुम्हाला त्याच्यात?’

‘मुंग्या आल्या होत्या.’

‘कुणाला?’

‘मला. पायाला.’

काकू खुर्चीत बसल्या. हसावं की रडावं ते त्यांना ठरवता येईना. ‘अहो, पण ताई काय म्हणाली आहे ते ठाऊक आहे ना? ती पाळकांना म्हणाली, मंडळी त्याला खरा म्हणाली तर मी दार उघडीन.’

काकांना ते ठाऊक नव्हतं. आता झालं. म्हणजे त्यांचं एक ‘होय’, आणि ताईच्या दाराची कडी निघणार. आत ती आणि तिची शाळकरी मुलगी.

*

भट्टीकाका बेकरीत भट्टी सांभाळत. मालक वेगळा, तो गल्ल्यावर, भट्टी काकांची. विसाव्या-एकविसाव्या वर्षी ते लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात धरून त्या तोंडासमोर उभे राहिले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. निम्मे वयाने, निम्मे मैद्याने. हातांवर भाजल्याचे इतके डाग की नवा डाग आला तर जुन्यांत हरवून जाई. श्रद्धा म्हणाल, तर आईवडिलांकडून आलेली. घर आलं, नाक आलं, तशी तीही आली. आपली खरी की खोटी असा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. आता दुसऱ्याची तपासायची होती.

सोमवारी पहाटे ते शटर वर करतात तो जावई पायरीवर बसलेला.

‘काका, जामीन आहात माझे. मला डोळ्यांसमोर ठेवा. काम द्या काहीही.’

मालकाला फुकटचा मदतनीस मिळाला, तो का नाही म्हणेल? आणि काम तरी कसं! पोती उचलावीत तर जावयाने, साचे घासावेत तर जावयाने. पीठ मळणाऱ्या गड्याच्या हातून पावांचा अख्खा ट्रे पालथा झाला तेव्हा ‘असू दे रे भावा’ म्हणत सगळा पसारा जावयानेच गोळा केला. दारू नाही, शिवी नाही. दुपारी चर्चची झाडलोट. आठ-दहा दिवसांत बेकरीतले सगळे काकांना म्हणायला लागले, ‘काका, माणूस सोनं आहे हो. नजर आहे तुमची!’

काका ‘हं’ म्हणायचे. त्यांना दोन गोष्टी खटकत होत्या आणि दोन्ही इतक्या बारीक की कुणाला सांगाव्यात तर आपलंच हसं व्हावं.

एक म्हणजे, काहीही चांगलं केलं की जावई संध्याकाळी सहज विचारायचा, ‘काका, तिच्या कानावर घालता ना तुम्ही हे?’

आणि दुसरी. एकदा भट्टीतून निघालेला तापलेला ट्रे त्याच्या मनगटाला लागला. कातडं पांढरं पडलं. माणूस भाजला की आधी ओरडतो आणि हाताकडे बघतो. जावई ओरडला नाही. त्याने आधी आजूबाजूला बघितलं, कोण बघतंय का. काका बघत होते. तेव्हा त्याचा चेहरा, जो क्षणभर अगदी कोरा होता, त्याच्यावर सावकाश हसू आलं.

‘देवाची इच्छा, काका.’

त्या कोऱ्या चेहऱ्याने काकांची दुपारची झोप घालवली. ते कुशीवर वळायचे, की तो समोर. रागावलेला नव्हे, दुःखी नव्हे. रिकाम्या खोलीसारखा. भाडेकरू अजून यायचाय अशा.

*

शेवटी ते पाळकांकडे गेले. मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं, मुंग्यांसकट.

पाळक तरुण, उत्साही. चर्चमधली निम्मी बाकं रिकामी असतात याची त्यांना रोज टोचणी. ते मनापासून हसले. ‘काका, देव मुंग्यांचाही उपयोग करतो.’

‘ते खरं हो. पण मला काही त्याचा भरवसा वाटला नव्हता. आताही...’

‘मन कुणाला दिसतं, काका? आपण कबुली ऐकायची, वागणूक बघायची. वागणुकीत खोट दिसली का?’

‘नाही.’

‘कबुलीत?’

‘नाही. पण पाळकसाहेब, तो भाजला तेव्हा...’ काका थांबले. मोठ्याने म्हणताना ते वाक्य अगदीच खुळ्यासारखं वाटलं.

‘तुम्ही फार विचार करता,’ पाळक म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आले. तिथे खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘एक माणूस वळला ना काका, की मागून दहा येतात.’

काका तिथून निघाले ते सरळ ताईच्या घरी. हातात ताजा पाव, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं त्यांना जमायचं नाही.

ताई घरीच शर्ट शिवून, इस्त्री करून कारखान्याला द्यायची. एक खोली, एक शिलाई मशीन, भिंतीला टेकून घड्यांच्या चळती. दाराला आतून एक कडी, तिच्या वर दुसरी, आणि खाली पायाशी एक नवीन. काकांनी आवाज दिला, मग एकेक निघताना ऐकू आली. मुलगी मशीनच्या मागे जमिनीवर बसून अभ्यास करत होती. टेबल रिकामं होतं, तरी.

‘तिथेच बसते,’ ताई म्हणाली. ‘सवय लागली आहे.’

ती इस्त्री डाव्या हाताने करत होती. उजवा हात शर्टाची बाही ताणायला पुढे जायचा, पण पूर्ण सरळ व्हायचाच नाही. कोपरात वाकलेला, चुकीने बसवलेल्या बिजागरीसारखा. काकांनी तो हात अनेकदा पाहिला होता. आज पहिल्यांदा बघितला.

‘काका, बरं झालं आलात,’ ती म्हणाली. ‘मला विचारायचंच होतं. काय दिसलं तुम्हाला त्याच्यात? मला खरंच सांगा. तो माझ्यासमोर तीनदा रडलाय. तिन्ही वेळा मला खरं वाटलं. आता माझ्या वाटण्यावर माझाच विश्वास नाही. म्हणून मी म्हटलं, मंडळी ठरवेल. आणि तुम्ही उठलात. तुम्ही कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसता. म्हटलं, काकांना दिसलंय म्हणजे काहीतरी असणार.’

काकांना वाटलं, भट्टीत डोकं घालावं. पण थापा मारायची त्यांची सगळी ताकद त्या एका उभं राहण्यात संपली होती.

‘ताई, माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.’

ताई बघतच राहिली. मग हसली. अशी हसली की मशीनमागून मुलगी डोकं वर काढून बघायला लागली; आई हसते हे तिच्यासाठी नवीन असावं. हसता हसता ताईने इस्त्री उभी केली, आणि हसू विझलं.

‘म्हणजे कुणीच उभं नव्हतं,’ ती म्हणाली.

काकांनी हातातला पाव टेबलावर ठेवला.

‘मग आता बघा, काका. खरंच बघा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.’

*

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी तापत होती. मळणारा अजून आला नव्हता. जावई सरपण आणून रचत होता, आणि काका फावड्याचा दांडा पुसत होते. तो मुळातच स्वच्छ होता.

‘जावईबुवा, एक विचारू?’

‘विचारा ना.’

‘तू साक्षीत म्हणालास, महापापी. काय केलं होतंस?’

‘सगळंच, काका.’ आवाज लगेच ओला झाला. ‘असं कोणतं पाप नाही जे मी केलं नाही.’

‘ते झालं. पण ताईचं काय?’

‘फार दुखावलं मी तिला.’

‘कुठं?’

जावई थांबला. ‘म्हणजे? मनाला.’

‘आणि हाताला?’

भट्टीत एक लाकूड फुटलं. जावयाने हातातलं सरपण खाली ठेवलं, एकावर एक, नीट. काकांनी वाट पाहिली. ते मनात म्हणत होते, बोल रे बाबा. नुसतं ‘हो, मी मोडला’ म्हण. तेवढं म्हणालास तर मी रविवारी नाचत होय म्हणेन.

‘ती काय म्हणाली तुम्हाला?’ जावयाने विचारलं.

‘ती काही म्हणाली नाही. मी तुला विचारतोय. कोणता हात?’

‘ती पडली होती, काका.’

‘बरं, पडली. कोणता हात?’

‘डावा.’ मग काकांच्या चेहऱ्याकडे बघत, ‘डावाच ना? का उजवा? खरं सांगू, मागचं सगळं देवाने पुसून टाकलंय. जे त्याने पुसलं ते मी का आठवू? तो तर त्याच्यावरचा अविश्वास झाला.’

हे उत्तर इतकं गुळगुळीत होतं की काकांना पकडायला कुठे कंगोराच सापडेना. देव पुसतो हे तर त्यांनीही लहानपणापासून ऐकलं होतं. पण ताईचं कोपर पुसलं गेलं नव्हतं. तो वाकडा हात रोज बाह्या ताणत होता.

जावई जवळ आला. काकांच्या सदऱ्यावरचा मैदा त्याने हलक्या हाताने झटकला, घरच्या माणसासारखा.

‘तुम्ही होय म्हणाल, काका. तुम्हाला कुणाला दुखवता येत नाही. मला तुमचा तोच गुण आवडतो.’ तो हसला. ‘काकू या वेळी घरी एकट्याच असतात ना? बिचाऱ्या. एकदा जाऊन येईन म्हणतो. प्रार्थना करीन त्यांच्यासाठी.’

तेवढ्यात मळणारा गाणं गुणगुणत आत आला, आणि जावई ‘ये रे भावा’ म्हणत त्याच्या हातातला डबा घ्यायला पुढे झाला.

काकांनी त्या सकाळी पावांचा एक घाणा करपवला. मालक गल्ल्यावरून ओरडला. बेकरीत आजवर असं झालं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, कुणीही आलं तरी दार उघडू नकोस. काकू म्हणाल्या, ‘अहो, प्रार्थनाच करणार म्हणाला ना?’ आणि मग स्वतःच उठून कडी लावून आल्या.

*

रविवारी चर्च भरलं होतं. रिकामी बाकं शोधून सापडेनात. ताई शेवटच्या बाकावर, मुलीला आतल्या बाजूला घेऊन. जावई पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, मान खाली.

पाळकांनी प्रश्न विचारला. ‘याचा पश्चात्ताप खरा आहे, असं तुम्ही देवासमोर म्हणता का?’

‘नाही,’ काका म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की पाळक म्हणाले, ‘काय?’

‘नाही म्हणालो.’

खोलीत कुजबुज झाली. मागून कुणीतरी बोललंच, ‘हे कोण न्याय करणारे? स्वतः काय संत लागून गेले?’

‘नाही, संत नाही मी,’ काका त्या दिशेने म्हणाले. कान लाल झाले होते. पाळकांना वाटलं, आता हे पावाची काहीतरी उपमा देतील, वरून भाजलेला आणि आतून कच्चा वगैरे. काकांना उपमा सुचली नाही. ‘त्याच्या मनातलं मला कळत नाही. तो उद्या खरा होईल. आजही असेल, देव जाणे. पण मी त्याला विचारलं, ताईचा कोणता हात. त्याला माहीत नव्हता. आणि नंतर तो... माझ्या घरी कोण एकटं असतं ते बोलला. माझं चुकत असेल तर चुकू दे. पण होय म्हटलं तर तिकडे दार उघडतं. ते माझ्या तोंडातून निघत नाही.’

एवढं बोलून ते खाली बसले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण झालं होतं.

जावई रडत होता. आवाज न करता, खांदे हलवत. आता पेटी वाजवणाऱ्या बाईने काकांकडे असं बघितलं, जणू त्यांनी चर्चच्या दानपेटीतले पैसे चोरलेत. काका त्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिले. खरंच असेल तर? भीतीने आपण एका माणसाला देवाच्या दारातून हाकललं असेल तर? जावयाने मान वर केली, उठला, काकांपाशी आला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

‘आभारी आहे, काका. देवाने मला नम्र केलं.’

हात उबदार होते. पकड जरा जास्त वेळ टिकली.

मागे दाराचा आवाज झाला. ताई मुलीला घेऊन निघून गेली होती. जाताना तिने काकांकडे बघितलं की नाही, काकांना कळलं नाही. ते हात सोडवण्यात गुंतले होते.

*

मग मंडळीत दोन तट पडले. पाळक काकांना नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. काही घरांनी दुसऱ्या बेकरीचा पाव सुरू केला, आणि तो वाईट निघाला तरी चिकाटीने खाल्ला. जावई बेकरीत यायचा बंद झाला, चर्चमध्येही. कुणी म्हणालं, बिचाऱ्याची श्रद्धाच मोडली तुम्ही. काका ऐकून भट्टीकडे वळले. ताईने निरोप पाठवला नाही, आभार मानले नाहीत. काकू तिच्याकडे जाऊन परत निघाल्या तेव्हा पाठीमागे तिन्ही कड्या लागल्या, एवढंच कळलं.

महिना उलटला असेल. एका संध्याकाळी काका बसने घरी निघाले होते. कंडक्टरला नोट दिली तर तो वैतागला, ‘सुट्टे द्या हो, सकाळपासून सगळे नोटाच दाखवतात.’ काका खिसे चाचपत असताना मागून एक हात पुढे आला. स्वच्छ नखं, मनगटावर भाजल्याचा गुलाबी डाग.

‘काकांचं माझ्यात धरा.’

काका वळले. जावई मागच्याच सीटवर होता. केव्हा चढला कोण जाणे.

‘कसे आहात? काकू बऱ्या आहेत ना?’

‘बऱ्या आहेत. थांब, मी सुट्टे करून देतो. इथे कुणाकडे तरी...’

‘राहू द्या हो,’ जावई म्हणाला. तोच आवाज, गळा दाटून येईल असा. ‘एवढ्याशाचं काय! येईन की घ्यायला. घर माहीत आहे मला.’

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. काकांचा थांबा आला. ते उठले नाहीत. दोन थांबे सोडून पुढे ताईची गल्ली होती. बस तिथे थांबली. तिच्या खोलीतला दिवा बसमधून दिसत होता. काकांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. जावयाने दिव्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि तो बसून राहिला. बस निघाली. काका शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे जावई उतरला, वळून हात हलवला आणि गर्दीत मिसळला. मग काका तेवढं सगळं अंतर चालत परत आले. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभे राहिले. मग घरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टे केले आणि जावई जिथे खोली घेऊन राहायचा तिथे गेले. घरमालक म्हणाला, ‘सोडून गेला. कुठे ते सांगितलं नाही. फार चांगला माणूस होता हो.’

तिकिटाचे ते पैसे काकांनी कागदात बांधून भट्टीजवळच्या फळीवर ठेवलेत. मालकाने एकदा चहासाठी मागितले, तर काका म्हणाले, ‘त्याला हात लावू नका, ते दुसऱ्याचे आहेत.’ पहाटे शटर वर करताना ते आधी थोडंसंच वर करतात, वाकून पायरी बघतात, आणि मग पूर्ण उघडतात. पैसे घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.